बारा चार ते सव्वाबारा

ताईचा फोन आला तेव्हा धाकटी जेवायला उठत होती.

"अगं, तुमचं ते बंद पडलंय का?"

"तुमच्याकडचं नेट बघ आधी," धाकटी म्हणाली. "दर वेळी आमच्याच नावाने खडे फोडता."

"नेट ठीक आहे. बाराची औषधं चाललीत आमची, अर्धा वॉर्ड झालाय, अर्धा राहिलाय आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. काय ते सांग, मला उभं राहायला वेळ नाही."

दोघी बहिणींत ती लहान, म्हणून घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली, लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, पण नाव सुटलं नाही. ताई एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डची मुख्य सिस्टर होती. आणि धाकटी ज्या कंपनीत होती, तिचीच प्रणाली ताईचं रुग्णालय आणि आणखी बेचाळीस रुग्णालयं वापरत. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध किती वाजता द्यायचं, दिलं की नाही, कोणी दिलं, हे सगळं त्यात. या नोंदी जिथे साठतात तो डेटाबेस सांभाळणं हे धाकटीचं काम.

ताईला काही उत्तर द्यायच्या आत धाकटीसमोरचा स्क्रीन लाल झाला. एकेक खूण करत नाही, सगळाच एकदम.

"ताई, तुझं बरोबर आहे. आमचंच आहे. कागदावर लिहायला घ्या," ती म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा खुर्चीत बसली.

डेटाबेस एका जागी नव्हता. एका बड्या क्लाउड कंपनीच्या तीन केंद्रांत तो ठेवलेला होता आणि ही केंद्रं एकमेकांपासून हजारो मैल दूर, वेगवेगळ्या देशांत. त्यातलं एक मुख्य. प्रत्येक नोंद आधी तिथे लिहिली जायची आणि मग दोन सेकंदांच्या आत तिची प्रत बाकीच्या दोघांकडे जायची. मुख्य केंद्र पडलंच, तर दुसऱ्याने तिथल्या तिथे कारभार हातात घ्यायचा. याला फेलओव्हर म्हणतात आणि तो आपोआप व्हायला हवा, माणसाने बोटही न लावता. सगळा खर्च, सगळा खटाटोप त्याच्यासाठीच.

पण ती सोय बंद होती. आठ महिन्यांपूर्वी साहेब बड्या ग्राहकांसमोर प्रणाली दाखवत असताना मुख्य केंद्र क्षणभर अडखळलं, कारभार आपोआप दुसरीकडे गेला आणि साहेबांचा स्क्रीन चार मिनिटं कोरा राहिला. ग्राहक चहा पीत बसले. साहेबांनी दुसऱ्या दिवशी हुकूम काढला: यापुढे फेलओव्हर हाताने करायचा, आणि तोही तीन अधिकाऱ्यांच्या मंजुरीने. मंजुरीसाठी एक फॉर्मही तयार झाला. धाकटीने तीनदा लेखी कळवलं की हे धोक्याचं आहे. निदान एकदा तरी रंगीत तालीम घेऊ, ठरवून मुख्य केंद्र बंद करू आणि किती वेळ लागतो बघू. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "बघूया." ऑफिसात पाठीमागे त्यांचं नावच बघूयासाहेब पडलं होतं.

शेजारच्या टेबलावर काटकोन बसला होता. उंच, ताठ पाठीचा, कितीही तास बसला तरी खुर्चीला न टेकणारा, म्हणून काटकोन. बोलायचा कमी, पण हात चालू असायचे.

"मुख्य केंद्र बारा पंधराला गेलं," तो म्हणाला. "पूर्ण गेलेलं नाही. मधूनच एखादं उत्तर देतंय."

"फॉर्म भर."

"तेच करतोय." त्याने दोनदा बटण दाबून बघितलं. "फॉर्म उघडत नाहीये."

"का?"

"फॉर्मचा डेटा जिथे आहे ना..."

"सांगू नकोस."

"त्याच केंद्रात आहे."

धाकटीला हसू आलं, आणि लगेच समोरचा कीबोर्ड उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. केंद्र पडलं तर काय करायचं याची परवानगी पडलेल्या केंद्राकडे मागायची! तो फॉर्म बनवताना चार बैठका झाल्या होत्या. त्यातल्या दोन बैठकांना ती स्वतः हजर होती आणि हा प्रश्न तिलाही सुचला नव्हता. त्याचा राग वेगळाच.

साहेब आले ते फोन कानाला लावूनच. क्लाउड कंपनीच्या मदतकक्षात त्यांना रांगेत ठेवलं होतं. फोनमधून बारीक आवाजात पिपाणीसारखं संगीत ऐकू येत होतं.

"त्यांच्या वेबसाइटच्या पानावर तर सगळं हिरवं आहे," साहेब म्हणाले. "सर्व सेवा सुरळीत, असं लिहिलंय."

"सर, ते पान माणसं बदलतात. त्यांना अजून कळलेलं नसेल. आपण दुसऱ्या केंद्रावर जाऊ. तोंडी मंजुरी द्या."

"जाऊ की. अडचण काय आहे?"

इथे धाकटीला खरं ते सांगावं लागलं. "प्रती जाणं बारा चारलाच थांबलं होतं. दोन केंद्रांमधली लाइन आधी तुटली, मग मुख्य केंद्र गेलं. म्हणजे दुसऱ्या केंद्राला बारा चारपर्यंतचंच माहीत आहे. मधल्या अकरा मिनिटांच्या नोंदी फक्त तिकडे आहेत."

"म्हणजे त्या गेल्या?"

"गेल्या नाहीत. अडकल्यात. ते केंद्र उठलं की मिळतील."

"मग उठू दे ना!" साहेबांचा चेहरा उजळला. "दहा मिनिटं थांबू. एकही नोंद गमवायची नाही, हे आपण करारात लिहून दिलंय."

दहा मिनिटं झाली. साहेब म्हणाले आणखी दहा. पिपाणी वाजत राहिली. मुख्य केंद्र मध्येच एखादं उत्तर द्यायचं, साहेब खुर्चीतून अर्धवट उठायचे, "आलं, आलं," आणि ते पुन्हा गप्प व्हायचं. धाकटी हात चोळत बसली. करण्यासारखं सगळं तिला पाठ होतं, आणि करता काहीच येत नव्हतं.

पाऊण वाजता ताईचा परत फोन. आता तिचा आवाज चढला होता.

"किती वेळ अजून?"

"ताई, इथे निर्णय होत नाहीये. चालू केलं तर मधल्या अकरा मिनिटांच्या नोंदी दिसणार नाहीत. नाही केलं तर..."

"कुठली अकरा मिनिटं?"

"बारा चार ते सव्वाबारा."

ताईने तिकडे कोणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "अगं, बाराची औषधं त्याच वेळात देतो आम्ही. सगळी रुग्णालयं देतात. जेवणाआधीचं इन्सुलिन, दुखण्याची इंजेक्शनं, सगळं. ते दिसणार नाही म्हणजे काय दिसणार?"

"द्यायचं बाकी आहे असं."

"लाल रंगात?"

"हो."

"मग नीट ऐक. बंद असलं तर आम्ही कागदावर काढू, आम्हाला सवय आहे. पण चालू करून खोटं दाखवू नकोस. एक वाजता काही सिस्टर बदलतात. नवी आली, लाल दिसलं, तर ती देऊन मोकळी होईल. तिची काय चूक?"

"आणि बंदच ठेवलं तर?"

"तर मला कुणाला कशाची ॲलर्जी आहे तेही दिसत नाही. दीडला ऑपरेशनहून दोन जण येतायत." ताईने श्वास घेतला. "चालू कर. पण ओरडून सांग की हे अर्धवट आहे."

फोन ठेवल्यावर धाकटीचं डोकं पहिल्यांदा शांत झालं. ती साहेबांकडे वळली.

"सर, मी दुसऱ्या केंद्राकडे कारभार देतेय. प्रत्येक स्क्रीनवर सूचना लावू की बारा चारनंतरच्या नोंदी अपुऱ्या आहेत. मंजुरी द्यायची असेल तर आत्ता द्या. नाहीतर माझ्याविरुद्ध लिहा, मी ते नाकारणार नाही."

"मी नाही म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले.

"हो म्हटलंय का?"

"तेही म्हटलेलं नाही."

काटकोनने तोवर कामाची खिडकी उघडली होती. "आधी जुन्याला कुलूप," तो म्हणाला.

हे सगळ्यात महत्त्वाचं होतं. जुनं केंद्र मेलं नव्हतं, नुसतं बेशुद्ध होतं. दुसऱ्याला मुख्य केल्यावर ते मध्येच जागं झालं आणि आपणच मुख्य आहोत असं समजून नोंदी घेऊ लागलं, तर अर्धी रुग्णालयं इकडे लिहिणार, अर्धी तिकडे, आणि खरं कुठलं हे देवालाही सांगता आलं नसतं. जुन्या केंद्राच्या आत जाऊन त्याला थांबवणं शक्य नव्हतं, कारण दारच उघडत नव्हतं. म्हणून काटकोनने बाहेरून किल्ल्या बदलल्या, म्हणजे रुग्णालयांची यंत्रं आत शिरायला वापरतात ते सांकेतिक शब्द. आता जुनं जागं झालं तरी कुठल्याही रुग्णालयाला तिथे लिहिता येणार नव्हतं. धाकटीने ते दोनदा तपासलं. मग सूचनेचा मजकूर सांगितला: बारा चारनंतरच्या नोंदी अपुऱ्या आहेत, औषध देण्याआधी कागदावरून खात्री करा. काटकोनने तो पिवळ्या पट्टीत वर चिकटवला. तिने आपल्या स्क्रीनवर पाहिला, ठसठशीत दिसत होता. "जाऊ दे," ती म्हणाली.

एक वाजून दोन मिनिटांनी दुसरं केंद्र मुख्य झालं. नोंदी यायला लागल्या. आधी तुरळक, मग धो धो.

"झालं?" साहेबांनी विचारलं. "एवढंच होतं?"

धाकटी येणाऱ्या नोंदी मोजत राहिली.

एक पंचवीसला जुनं केंद्र आपणहून उठलं. क्लाउड कंपनीच्या पानावर तोवर पिवळा ठिपका आला होता; ते उठल्यावर परत हिरवा झाला. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"चला, परत तिकडे जाऊ. पहिल्यासारखं."

"नाही सर."

"अहो, हिरवं दिसतंय!"

"मघाशीही हिरवंच दिसत होतं. आणि आता एक वाजल्यानंतरच्या सगळ्या नोंदी इकडे आहेत, तिकडे नाहीत. आत्ता उलटं गेलो तर पुन्हा तीच तऱ्हा. मला आधी ती अकरा मिनिटं बाहेर काढू द्या."

साहेब काहीतरी पुटपुटत खोलीबाहेर गेले. ती आणि काटकोन कामाला लागले. जुन्या केंद्रातून अडकलेल्या नोंदी काढल्या. बाराशे सहा निघाल्या. त्या एक वाजल्यानंतरच्या नोंदींशी ताडून बघायच्या होत्या, म्हणजे एकच औषध एकाच रुग्णाला दोनदा लिहिलंय का ते कळलं असतं. एक्केचाळीस जागी दोनदा होतं. चाळीस ठिकाणी गोष्ट सरळ होती: त्याच सिस्टरने कागदावरून तीच नोंद, तीच वेळ घालून पुन्हा भरली होती.

एक्केचाळिसावी तशी नव्हती. इन्सुलिन. बारा सातला एका सिस्टरने दिलेलं. एक सतराला दुसऱ्या सिस्टरने दिलेलं. रुग्ण एकच, वय अठ्ठ्याहत्तर.

"हे दोनदा दिलंय," काटकोन म्हणाला. त्याची पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

घड्याळात एक पन्नास झाले होते. धाकटीने त्या रुग्णालयाला फोन लावला. स्वागतकक्षातल्या बाईने विचारलं कोण बोलतंय, कशासंबंधी, रुग्णाच्या कोण. "मी त्यांची कोणी नाही, मी डेटाबेस..." एवढं ऐकून तिने फोन तक्रार विभागाला जोडला. तिथे कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा तेच प्रश्न. धाकटीने तो फोन तोडला आणि ताईला लावला.

"ताई, त्या नदीपलीकडच्या रुग्णालयात तुझं कोणी आहे?"

"मेट्रन माझ्या बॅचची. का?"

"तिसरा मजला, चौदावी खाट. इन्सुलिन दोनदा गेलंय. सात आणि सतरा... म्हणजे बारा सातला आणि एक सतराला. आमच्यामुळे."

ताईने "हं" म्हणून फोन ठेवला.

त्यानंतरची पंचवीस मिनिटं धाकटीने काय केलं ते तिला नंतर आठवेना. काटकोनने पाण्याचा ग्लास आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. साहेब एकदा येऊन विचारून गेले की ग्राहकांना पाठवायच्या पत्रात "अल्पकाळ" लिहायचं की "काही काळ".

फोन वाजला.

"सापडले," ताई म्हणाली. "आजोबा घामाने चिंब झाले होते. आज तिथे जेवण उशिरा आलं, सगळ्यांना वाटलं जेवायच्या आधीच डोळा लागला. साखर बेचाळीस. ग्लुकोज लावलं, आता बोलतायत. जेवण कुठे आहे म्हणून भांडतायत."

धाकटीने डोळे मिटले.

"आता मला सांग," ताईचा सूर बदलला. "तू म्हणालीस ओरडून सांगशील. दुसरं इन्सुलिन देणारी ती पोरगी म्हणते, सूचना दिसली तेवढी तिने वाचली. तिच्या हातातल्या छोट्या यंत्रावर एवढंच दिसत होतं: बारा चारनंतरच्या नोंदी. पुढे काही नाही. नोंदी काय? चांगल्या? वाईट? तिला वाटलं, बारा चारनंतरच्या नोंदी खाली आहेत असं असेल."

छोट्या स्क्रीनवर पट्टी अर्ध्यात कापली गेली होती. धाकटीने ती फक्त आपल्या मोठ्या स्क्रीनवर पाहिली होती. "जाऊ दे" तिनेच म्हटलं होतं, काटकोनने नाही, साहेबांनी नाही.

"माझी चूक," ती म्हणाली.

"ते मला नको सांगूस. त्या पोरीला मेमो मिळालाय."

ताई कधी मुद्दाम लागेल असं बोलायची नाही. म्हणूनच ते लागलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी अहवाल तयार केला. त्यात लिहिलं होतं की क्लाउड कंपनीच्या बिघाडामुळे सेवा सत्तेचाळीस मिनिटं खंडित झाली, दुसऱ्या केंद्राने कारभार यशस्वीपणे घेतला, आणि एकही नोंद गमावली नाही. खाली तिघांच्या सह्यांच्या जागा होत्या. आजोबांचा उल्लेख कुठे नव्हता.

"ती त्या रुग्णालयाची अंतर्गत बाब आहे," साहेब म्हणाले. "औषध आपण थोडंच दिलं?"

"द्यायचं बाकी आहे असं आपण सांगितलं, सर. आणि आपली सूचना अर्धी दिसत होती. त्या सिस्टरचा मेमो आपल्यामुळे आहे. तसं पत्र गेलं पाहिजे."

"वकिलांना विचारावं लागेल."

"विचारा. तोवर मी सही करत नाही."

"हट्ट करू नका. तुम्ही मंजुरीशिवाय कारभार बदललात, ते मी यात लिहिलेलं नाही. हे लक्षात ठेवा."

"लिहा ना. खरंच आहे ते."

साहेबांनी काटकोनकडे पाहिलं. काटकोन नेहमीसारखा ताठ बसला होता. "मीही थांबतो," तो म्हणाला. त्या बैठकीत तो एवढंच बोलला.

मग तीन आठवडे नुसती चालढकल. वकील म्हणाले साहेबांनी ठरवावं, साहेब म्हणाले वकिलांनी. पत्राचे सात मसुदे झाले. पहिल्या मसुद्यात "चूक" होती, तिसऱ्यात तिची "त्रुटी" झाली, पाचव्यात "तांत्रिक परिस्थिती". प्रत्येक वेळी धाकटी शब्द पुन्हा होता तसा करून परत पाठवायची. घरी ती नवऱ्यावर उगाच खेकसायची, मग माफी मागायची, मग पुन्हा खेकसायची. एकदा तिने राजीनामाही लिहिला. सकाळी वाचला तेव्हा तो तिच्या आधीच्या तीन लेखी सूचनांसारखाच वाटला, कोणीतरी फायलीत लावून टाकण्याजोगा. तिने तो फाडला.

शेवटी तिने ताईला विचारून त्या मेट्रनला गाठलं आणि सांगितलं, तुम्ही लेखी मागणी करा, काय घडलं ते सांगा म्हणून. ग्राहकाने मागितल्यावर कंपनीला उत्तर देणं भागच होतं. करारात तसं कलमच होतं, आणि ते कलम साहेबांनीच आग्रहाने घातलं होतं. चौथ्या दिवशी पत्र गेलं. त्यात "चूक" हा शब्द राहिला. सिस्टरचा मेमो मागे घेतला गेला, असं ताईने कळवलं. पण ती पोरगी आता दुसऱ्या रुग्णालयात जायचं म्हणतेय, हेही कळवलं.

"तिला माझा नंबर देशील?" धाकटीने विचारलं.

"कशाला? तुला बरं वाटावं म्हणून?"

ताईने नंबर दिला नाही.

फॉर्म रद्द झाला. ड्यूटीवरच्या दोघांनी मिळून ठरवायचं, असा नवा नियम निघाला, आणि पंधरा मिनिटांत दोघांचं एकमत झालं नाही तर फेलओव्हर आपोआप व्हायचा. सव्वादोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी पहिली तालीम झाली. ठरवून, सगळ्या रुग्णालयांना आधी कळवून, मुख्य केंद्र तोडलं. साहेबही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

नऊ मिनिटांत व्हायला हवं होतं. सव्वीस लागली. किल्ल्या बदलताना एक जुनी किल्ली कुणाच्या लक्षातच नव्हती. एका रुग्णालयाची यंत्रं जुन्याच पत्त्यावर धडका देत राहिली. आणि दुसऱ्या केंद्रात जागा कमी पडली, कारण दीड वर्षापूर्वी खर्च वाचवायला ती कुणीतरी कमी केली होती आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तरी झालं की," साहेब म्हणाले. "छान झालं."

"छान नाही झालं, सर," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता आणि तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. "आज खरं असतं तर? सव्वीस मिनिटं म्हणजे किती वॉर्ड, माहीत आहे?"

साहेबांनी खुर्ची ओढली, तिच्या टेबलाशी बसले आणि विचारलं, "ती जुनी किल्ली कोणाची होती?"

"माझीच," काटकोन म्हणाला.

धाकटीने वही उघडली आणि एकेक अडचण लिहून काढायला घेतली. पहिली लिहून होईपर्यंत काटकोनने किल्ली काढून टाकली होती. मग तिघं मिळून दुसऱ्या केंद्रातली जागा कुणी आणि कुणाला विचारून कमी केली ते शोधत बसले. दुपार झाली तरी सापडलं नव्हतं.